वेळेत, बजेटमध्ये, आणि तरीही

माझ्या घरी जिन्याखालच्या कपाटात काचेचा एक त्रिकोण आहे. वीतभर उंचीचा, खाली काळी लाकडी बैठक, त्यावर कंपनीचं नाव आणि ‘वर्षातला सर्वोत्तम प्रकल्प’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. पूर्वी तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी, आईनं दिलेल्या पितळी समईच्या बाजूला असायचा. एका गणपतीनंतर मी तो उचलला आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ठेवून दिला. तो तिथे का गेला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्याच धंद्यातले असणार. परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात डोळे मिटून खडा मारला तर तो प्रोजेक्ट मॅनेजरला लागतो, आणि हुकला तर त्याच्या शेजारच्या बिझनेस अ‍ॅनालिस्टला. त्यामुळे डेडलाइन म्हणजे काय, गो-लाइव्हच्या आदल्या रात्री पोटात कसं ढवळतं, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आणि ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांनी कधीतरी घराचं किचन नव्यानं करून घेतलं असेलच. तेवढा अनुभव पुरे.

गोष्ट २०१६ सालची. इंग्लंडच्या मध्यभागी, लेस्टरच्या आसपास मोठमोठी वेअरहाऊसेस आहेत. मोटरवेवरून जाताना खिडकी नसलेल्या राखाडी पेट्या दिसतात ना, त्याच. इथून निघालेला ट्रक काही तासांत देशातल्या बहुतेक शहरांत पोचतो, म्हणून सगळ्यांनी इथेच गोदामं बांधली. अशाच एका कंपनीत मी प्रकल्प चालवत होते. घरगुती वस्तू ऑनलाइन विकणारी कंपनी. गोदामातला माल सांभाळणारी तिची संगणकप्रणाली फार जुनी झाली होती, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ती काढून नवी बसवायची, कागद बंद करायचे, प्रत्येकाच्या हातात स्कॅनर द्यायचा. चौदा महिने, सव्वीस लाख पौंड. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गो-लाइव्ह. तारीख हलणार नव्हती, कारण नंतर ब्लॅक फ्रायडे आणि नाताळ. त्या काळात कुणी कशाला हात लावू देत नाही.

आमच्या प्रोजेक्ट रूममध्ये मोठ्या स्क्रीनवर उलटी मोजणी लावलेली होती. ‘उरले दिवस ६१’, ‘उरले दिवस ६०’. मला ती फार आवडायची. परीक्षेच्या आधी भिंतीवर वेळापत्रक चिकटवणारी मी मुलगी. दिवस कमी होताना काम पुढे सरकतंय असं वाटतं.

चाचण्या सहा आठवडे लांबल्या. जुन्या प्रणालीतली माहिती आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी अस्वच्छ निघाली. सहा आठवडे कुठून तरी भरून काढायला हवे होते. तुम्ही या धंद्यातले असाल तर ते कुठून काढले हे ओळखलंही असेल. प्रशिक्षणातून. मूळ योजनेत प्रत्येक कामगाराला तीन दिवस होते, ते दीड तासावर आले. रात्रपाळीला तेवढेही नाहीत. त्यांना ‘सुपरवायझर शिकवतील’ असं ठरलं. जोखमींच्या यादीत मी स्वतः एक ओळ लिहिली, ‘रात्रपाळीचं प्रशिक्षण अपुरं’, आणि तिच्यापुढे पिवळा रंग दिला. लाल दिला असता तर वरच्या मीटिंगमध्ये प्रश्न आले असते. हिरवा देण्याइतकी मी खोटारडी नव्हते. पिवळा हा आपल्या धंद्यातला सगळ्यात सोयीचा रंग आहे.

आम्ही ठरल्या तारखेला, ठरल्या पैशांत गो-लाइव्ह केलं. सकाळी साडेनऊला कॅन्टीनमध्ये केक कापला. त्यावर आयसिंगचा छोटा फोर्कलिफ्ट होता. संचालकांनी भाषणात माझं नाव दोनदा घेतलं. दोन्ही वेळा चुकीचं उच्चारलं, पण घेतलं.

आता त्या गोदामाच्या दुसऱ्या टोकाला चला. तिथे ग्राहकांनी परत पाठवलेला माल यायचा. खोकं उघडायचं, वस्तू धड आहे की फुटली आहे ते बघायचं, धड असेल तर पुन्हा विक्रीला, नसेल तर बाजूला. रात्रपाळीला तिथे सोळा जण काम करायचे. गुजराती, पंजाबी, पोलिश, आणि एक मराठी बाई. साठीला टेकलेल्या. नाशिककडच्या. लग्न होऊन इथे आल्या, नवरा लवकर गेला, दोन मुलं याच नोकरीवर शिकवली. मंडळात आम्ही सगळे त्यांना नुसतं काकू म्हणतो. गणपतीत एकवीस मोदक एकहाती वळणाऱ्या काकू प्रत्येक मंडळात असतात, आमच्याकडे त्या होत्या. त्या माझ्याच प्रकल्पाच्या गोदामात काम करतात हे मला माहीत होतं. चौदा महिन्यांत मी त्यांच्या टेबलापाशी एकदाही गेले नाही. त्या रात्री दहाला यायच्या, मी संध्याकाळी सहाला निघायचे.

काकूंच्या टेबलावर एक लाल पुठ्ठ्याची वही होती. एकोणीस वर्षांत अशा कितीतरी झाल्या असतील. कुठल्या पुरवठादाराची लेबलं उलटी असतात, कुठल्या काचेच्या भांड्याला तळाशी न दिसणारी चीर जाते, कुठली गिऱ्हाइकं वापरलेली वस्तू नवी म्हणून परत करतात, सगळं त्यात. पाळीवर नवीन माणूस आला की आधी वही वाचायची, मग खोकं उघडायचं. आमच्या प्रकल्पाच्या तीनशे पानी आराखड्यात त्या वहीचा उल्लेख नव्हता. ‘कागद बंद’ या एका ओळीत तीही गेली.

नव्या स्कॅनरवर माल परत येण्याची नऊ कारणं होती. नवातलं एक निवडल्याशिवाय पुढची पायरी यायची नाही. ‘इतर’ हा पर्याय आम्ही मुद्दाम काढला होता, म्हणजे आकडेवारी स्वच्छ राहील. फुटलेली वस्तू नोंदवायला तीन पडदे उलटत जावं लागायचं, आणि ते कुणी नीट दाखवलंच नव्हतं. दर तासाला किती खोकी झाली हे आता वर बसलेल्यांना आपोआप दिसत होतं. मग रात्रपाळीनं तेच केलं जे तुम्ही-आम्ही केलं असतं. पहिला पर्याय दाबायचा आणि पुढे जायचं. पहिला पर्याय होता, ‘ग्राहकाचं मन बदललं’. म्हणजे वस्तू धड आहे. म्हणजे पुन्हा विक्रीला.

नोव्हेंबरभर फुटक्या वस्तू परत शेल्फवर चढल्या आणि नाताळच्या भेटी म्हणून लोकांच्या घरी गेल्या. तिथून पुन्हा परत आल्या. डिसेंबरमध्ये जाळीचे पिंजरे आत मावेनात, म्हणून अंगणात ताडपत्रीखाली ठेवले. ते सगळं निस्तरायला मार्च उजाडला. या प्रणालीनं पहिल्या वर्षी जेवढे पैसे वाचायचे होते, त्याहून जास्त त्यात गेले. पण नीट ऐका, माझा प्रकल्प ऑक्टोबरच्या शेवटी बंद झाला होता. हा खर्च गोदामाच्या खात्यावर पडला. माझ्या कागदांवर सगळं हिरवंच राहिलं. फेब्रुवारीत, अंगणात पिंजरे असतानाच, बर्मिंगहॅमच्या हॉटेलात मला तो काचेचा त्रिकोण मिळाला.

काकूंचं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले, स्कॅनरच्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. त्यांची तासाची संख्या खाली आली. एक पत्र आलं, मग दुसरं. जानेवारीत त्यांनी नोकरी सोडली.

पुढच्या गणपतीत हॉलवर त्या मोदक वळत होत्या. मी शेजारी बसून पाऱ्या करायला लागले. कुणीतरी सांगितलं होतं, त्यांनी नोकरी सोडली म्हणून. मी विचारलं, “काकू, तुम्ही का सोडलीत?” त्यांनी सगळं सांगितलं, वही, नऊ कारणं, पत्रं, अगदी सहज, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. मी गप्प. मग म्हणाल्या, “अगं, तू एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पण तू घाईत होतीस.” थोड्या वेळानं पुन्हा, “आणि ते चहाचं मशीन मात्र उगीच काढलंत हो तुम्ही. वायरी टाकायला काढलं, ते परत लावायला कुणी आलंच नाही. तीन महिने रात्री चहा नव्हता.”

चहाच्या मशीनचं मला ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर रात्रपाळीला चहा लागतो, हाच विचार कधी डोक्यात आला नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि आठवलं ते हीथ्रोचं टर्मिनल ५. गंमत म्हणजे ती गोष्ट मी स्वतः नवीन मुलांना प्रशिक्षणात सांगत असे, हसत हसत.

तुम्ही लंडनमार्गे प्रवास करत असाल तर त्या इमारतीतून गेला असाल. ४३० कोटी पौंडांचं काम. त्याआधीची सार्वजनिक चौकशीच जवळजवळ चार वर्षं चालली. एवढं अवाढव्य बांधकाम वेळेत आणि बजेटमध्ये उभं राहिलं, म्हणून बांधकामाच्या जगात त्याचं कौतुक झालं. ते योग्यच होतं. विमानतळाच्या मालक कंपनीनं नेहमीप्रमाणे सगळी जोखीम कंत्राटदारांच्या माथी न मारता स्वतःकडे घेतली, सगळ्यांचे एकत्र गट केले. आजही ते उदाहरण शिकवलं जातं.

२७ मार्च २००८ ला टर्मिनल प्रवाशांसाठी उघडलं. पहाटे कामावर आलेल्या कर्मचाऱ्यांना गाडी कुठे लावायची ते सापडेना. गाडी लागली तर सुरक्षा तपासणीत रांग. आत गेले तर कुठल्या दारानं कुठे जायचं ते कळेना. २७५ पैकी २८ लिफ्ट बंद. काही जणांना सामानाच्या प्रणालीत लॉग-इन करता येईना. चाचण्यांच्या काळात, खोटे संदेश खऱ्या यंत्रणेत जाऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक गाळणी बसवली होती. ती काढायची राहिली, आणि दुसऱ्या विमानांतून बदलून येणाऱ्या सामानाची माहिती पोचेना. बॅगा पट्ट्यावर साचत गेल्या. पहिल्या दिवशी ३४ उड्डाणं रद्द झाली, पुढच्या काही दिवसांत शेकडो. हजारो बॅगा मालकांपासून तुटल्या. काही तर वर्गवारीसाठी ट्रकनं इटलीत मिलानला पाठवाव्या लागल्या. नंतर संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली, त्यात पुन्हा पुन्हा तेच पुढे आलं. इमारतीचं काम लांबत गेलं तशी कर्मचाऱ्यांची ओळख-परेड आणि सराव आक्रसत गेले.

म्हणजे तिथेही तेच. इमारत तयार होती. त्या इमारतीत पहाटे चार वाजता उभी राहणारी माणसं तयार नव्हती. ही गोष्ट मी कितीदा सांगितली होती, आणि स्वतःच्या प्रकल्पात रात्रपाळीपुढे पिवळा रंग देऊन मोकळी झाले होते.

प्रकल्प व्यवस्थापनाचा अभ्यास केलेल्यांना ‘लोखंडी त्रिकोण’ पाठ असतो. वेळ, खर्च, आणि कामाची व्याप्ती. तिन्ही बाजू सांभाळल्या की प्रकल्प यशस्वी. तो त्रिकोण वाईट नाही. पैसे आणि वेळ न मोजणाऱ्या माणसाच्या हाती मी तरी माझं किचनही देणार नाही. पण तो फक्त बनवणाऱ्याची बाजू मोजतो. वापरणाऱ्याची नाही.

त्याची दुसरी टोकाची बाजू बघायची तर सिडनीचं ऑपेरा हाऊस घ्या. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, खर्च झाला सुमारे १० कोटी २० लाख. १९६३ ला पूर्ण व्हायचं ते १९७३ ला उघडलं. ज्याचा आराखडा, तो डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उटझॉन १९६६ साली भांडून निघून गेला, आणि पुढे ती वास्तू प्रत्यक्ष पाहायला कधीच परतला नाही. त्रिकोणाच्या हिशेबानं हा प्रकल्प सपशेल नापास. आणि २००७ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. याचा अर्थ उधळपट्टी करा असा नाही. त्या पैशांवर आणि त्या दहा वर्षांवर हक्क असलेले लोक होते, आणि उटझॉनचं दुःखही खरंच होतं. अर्थ एवढाच की, ‘यशस्वी झाला का?’ या प्रश्नाला उद्घाटनाच्या दिवशी मिळणारं उत्तर पुरं नसतं.

मग व्यापक नजरेनं प्रकल्प बघायचा म्हणजे काय करायचं? आपल्याकडे ‘होलिस्टिक’ म्हणून स्लाइडवर चार गोल काढले की काम झालं असं मानतात. मला ते चार गोल नकोत. २०१९ साली दुसऱ्या एका कंपनीत, औषधं वितरित करणाऱ्या, मला जवळपास तेच काम पुन्हा मिळालं. चार डेपो, तीच स्कॅनरची भानगड. तिथे मी काय वेगळं केलं ते सांगते. त्यातलं काहीही मोठं शोध लावल्यासारखं नाही.

सगळ्यात आधी, कागद काढायच्या आधी, मी सलग तीन रात्री डेपोत बसले. फोल्डिंगची खुर्ची घेऊन, कोपऱ्यात. पहिल्या रात्री लोकांना वाटलं मी वेळ मोजायला आले आहे. दुसऱ्या रात्री कुणीतरी बिस्किटं पुढे केली. तिसऱ्या रात्री एकानं सांगितलं, “तीन वाजता बघा, मागच्या रांगेत वाय-फाय जातं.” खरंच गेलं. मुख्य कार्यालयाचा बॅकअप त्या वेळेला चालायचा आणि नेटवर्क गुदमरायचं. दिवसा काम करणाऱ्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं. हे गो-लाइव्हनंतर कळलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा. आणि हो, त्यांच्याकडेही एक वही होती. निळी. ती आम्ही फेकली नाही. तिच्यातली पानं बघून स्कॅनरवरची कारणं ठरवली, आणि ‘इतर’ हा पर्याय ठेवला. ‘इतर’मध्ये काय येतं ते दर आठवड्याला वाचायला एक माणूस नेमला. आकडेवारी अस्वच्छ राहिली. पण खरी राहिली.

दुसरं, प्रशिक्षणाचे दिवस हे गादीतला कापूस नाहीत, लागेल तसे दाबायला. ते सुरुवातीलाच कुलपात टाकले. कमी करायचे तर संचालकांची लेखी परवानगी, आणि त्या कागदावर कारणासोबत परिणामही लिहायचा. ‘अपुरं प्रशिक्षण’ असं गुळमुळीत नाही. ‘रात्रपाळीच्या वीस माणसांना फुटलेली बाटली नोंदवता येणार नाही’ असं. पिवळा रंग आपोआप लाल होतो.

तिसरं, थांबायची मुभा आधीच मागून घेतली. कुठल्या पाच गोष्टी झाल्याशिवाय गो-लाइव्ह करायचं नाही, हे तीन महिने आधी, शांत डोक्यानं लिहून सह्या घेतल्या. शेवटच्या आठवड्यात, सगळे थकलेले आणि केकची ऑर्डर गेलेली असताना, ‘थांबूया’ म्हणायची हिंमत कुणातही नसते. ती आधीच जमा करून ठेवावी लागते.

चौथं, एकदम चारही डेपो नाहीत. आधी सगळ्यात छोटा. हे हीथ्रोकडूनच शिकले. तिथल्या लोकांनी स्वतःच्या अनुभवातून धडा घेतला, आणि नवं टर्मिनल २ उघडलं तेव्हा, ४ जून २०१४ ला, पहिल्या दिवशी फक्त एकच विमानकंपनी तिथे आणली. बाकीच्या पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्यानं आल्या. त्याआधी हजारो स्वयंसेवकांना बॅगा घेऊन इमारतीत फिरवून सराव केला होता. त्या उद्घाटनाच्या फार बातम्या झाल्या नाहीत. तेच त्याचं यश.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ‘नंतर’ची सोय. गो-लाइव्हनंतर बारा आठवडे आमची माणसं डेपोतच राहतील, त्यांचे पैसे प्रकल्पाच्याच खात्यातून जातील. निस्तरण्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर ढकलता येत नाही असं कळलं की आपण आधी नीट काम करतो. माणसाचा स्वभाव आहे, प्रोजेक्ट मॅनेजरचाही. आणि हिशेब सहा महिन्यांनी मांडायचा, केकच्या दिवशी नाही.

हे पाचवं लिहिताना मला कोकण रेल्वे आठवते. मी चिपळूणची. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. ई. श्रीधरन आणि त्यांच्या माणसांनी सुमारे आठ वर्षांत हे काम केलं. आमच्या घरात त्यांचं नाव देवासारखं घेतलं जायचं. पण कोकणातला माणूस तुम्हाला आणखी एक सांगेल. ते काम १९९८ ला संपलं नाही. लाल माती, उभे कापलेले डोंगर आणि आमचा पाऊस. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड आली आणि गाडी रुळांवरून उतरली. माणसं गेली. पुढच्याच वर्षी पुन्हा एक मोठा अपघात. त्यानंतर वर्षानुवर्षं डोंगरांचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या. आजही पावसाळ्यात तिथे वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात, आणि भर पावसात रात्री कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून चालत जाणारी माणसं असतात. उद्घाटनाच्या फोटोत ती नव्हती. पण गाडी रोज सुखरूप पोचते ती त्यांच्यामुळे. प्रत्येक प्रकल्पाचा एक पावसाळा असतो. त्याच्यासाठी किती माणसं ठेवली आहेत, हे मी आता सगळ्यात आधी विचारते.

तुम्ही म्हणाल, बोलायला ठीक आहे, पण वरचे लोक ऐकतात का? वेळ देतात का? प्रश्न बरोबर आहे. माझा दुसरा प्रकल्प पाच आठवडे उशिरा झाला, कारण ठरवलेल्या पाचातली एक गोष्ट झाली नव्हती आणि आम्ही थांबलो. खर्च नऊ टक्के वाढला, मुख्यतः त्या बारा आठवड्यांमुळे. मीटिंगमध्ये मला कठीण प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारणाऱ्यांचं चूक नव्हतं. पैसे त्यांचे होते. त्या वर्षीच्या पगारवाढीत त्याचा परिणाम दिसला, हेही लपवत नाही. सहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा चुकीच्या नोंदी जवळपास थांबल्या होत्या आणि चारही डेपोंत पत्र मिळून नोकरी सोडलेलं कुणी नव्हतं. या शेवटच्या गोष्टीसाठी अहवालात रकानाच नव्हता. मी तळटीप म्हणून लिहिली.

शिवाय प्रत्येक वेळी थांबता येतंच असं नाही. कायद्याची तारीख असते, बँकेची असते. अशा वेळी निदान व्याप्ती कमी करा. दहा गोष्टी अर्धवट शिकलेल्या माणसांच्या हाती देण्यापेक्षा सहा नीट शिकवलेल्या द्या. आणि जे कापलं ते कुणाच्या वाट्यातून कापलं, ते त्या माणसाच्या तोंडावर सांगा. मला वाटतं माझी खरी चूक दीड तासाच्या प्रशिक्षणाची नव्हती. तो निर्णय ज्यांच्यावर पडणार होता त्यांना मी भेटले नाही, ही होती. भेटले असते तर मला तो घेणं जड गेलं असतं, आणि ते जड जायलाच हवं होतं.

परदेशात आपण बहुतेक वेळा दिवसाच्या पाळीचे लोक असतो. लॅपटॉपवाले. आपण शिकलो, आलो, कष्ट केले, त्याचा अभिमान आहेच. पण ज्या व्यवस्था आपण बसवतो त्या चालवणारे लोक पुष्कळदा आपल्यासारखेच दूरच्या गावांहून आलेले असतात, फक्त दुसऱ्या दारानं. आपल्या मंडळाच्या पंगतीत ते आपल्या शेजारी बसून जेवतात, आणि सोमवारी आपल्या आराखड्यात ते एक संख्या असतात. मी काकूंच्या हातचे मोदक अकरा वर्षं खाल्ले आणि त्यांचं टेबल कुठे आहे ते पाहिलं नाही.

काकू परत कामावर गेल्या नाहीत. त्यांची नोकरी मी परत देऊ शकले नाही, आणि मी बदलले म्हणून त्यांचं काही भलं झालं असंही नाही. त्या आता धाकट्या मुलाकडे असतात, नातवाला सांभाळतात. २०१९ चा तो प्रकल्प संपला तेव्हा मी त्यांना फोन केला. का, ते नीट सांगता येणार नाही. शाबासकी हवी होती असं म्हणा. सगळं सांगितलं, तीन रात्री, निळी वही, पाच आठवडे उशीर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागे नातू काहीतरी आपटत होता.

मग म्हणाल्या, “बरं केलंस गं. आणि रात्रपाळीला चहाचं मशीन चालू होतं ना?”

होतं, काकू. योजनेत वेगळी ओळ लिहिली होती.